डॉक्टर व्हायचंय? मग आठवीपासून कागद जमवा

(परळ येथे विद्यार्थी आणि पालकांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



मागे उभे असलेल्या पालकांनी कृपया पुढे येऊन बसावं. आजचं बोलणं मुलांपेक्षा तुमच्यासाठी जास्त आहे.

सुरुवातीलाच सांगतो, मी डॉक्टर नाही. एकतीस वर्षं मी महापालिकेच्या शाळेत शिक्षक होतो. निवृत्त झाल्यापासून लालबागला आमच्या चाळीतल्या अभ्यासिकेत संध्याकाळी बसतो आणि मुलांचे फॉर्म भरून देतो. अकरावीचे, डिप्लोमाचे, शिष्यवृत्तीचे आणि अलीकडे जास्त करून मेडिकलचे. तेव्हा नाडी कशी बघायची हे मला विचारू नका. फॉर्म कुठे अडतो, ते विचारा.

मला विषय दिला होता, ‘मेडिकलचा प्रवेश आणि मुलाखतीची तयारी’. आत येताना दारातच एका ताईंनी विचारलं, “सर, मुलाखत इंग्रजीत असते का? आमची मुलगी उर्दू माध्यमाची आहे, ती अडखळेल.” त्यांचा जीव आधी भांड्यात पाडतो. एमबीबीएसच्या प्रवेशाला मुलाखत नसते. पूर्वी जुने लोक ‘इंटरव्ह्यूला बोलावलंय’ असं म्हणायचे, पण तो बहुतेक वेळा कागद तपासून जागा निवडण्याचा दिवस असायचा. बारावीच्या गुणांवर यादी लागायची. १९९९ पासून राज्याची सीईटी आली आणि आता सगळं ‘नीट’वर चालतं. सरकारी असो, खाजगी असो, अल्पसंख्याक संस्थेचं कॉलेज असो, ‘नीट’शिवाय प्रवेश नाही. अल्पसंख्याक संस्थांनाही ‘नीट’ लागू आहे, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये स्पष्ट केलं. त्यामुळे “आमची ओळख आहे, मुलाखतीत करून देतो” असं कुणी सांगितलं तर तो एजंट आहे, आणि तुम्ही उठून घरी जा.

भाषेचंही सांगून टाकतो. ‘नीट’चा पेपर मराठीत मिळतो, उर्दूतही मिळतो. उर्दू २०१८ पासून आहे, आणि ती आपोआप आलेली नाही. विद्यार्थी त्यासाठी सर्वोच्च न्यायालयात गेले होते. भाषा फॉर्म भरतानाच निवडायची असते, नंतर बदलत नाही. पण कॉलेजात गेल्यावर पुस्तकं इंग्रजी आहेत, तेव्हा पेपर कुठल्याही भाषेत द्या, इंग्रजी शब्दांची ओळख अकरावीपासून ठेवा.

आता मुलाखत नाही म्हटलं, तरी प्रश्न विचारणारे लोक या रस्त्यात भेटतातच. तीन ठिकाणी भेटतात. कागद तपासणारा खिडकीपलीकडचा माणूस, जात पडताळणीची समिती, आणि पैशाची मदत करणारे ट्रस्टवाले. यातल्या पहिल्या दोन ठिकाणी आपली मुलं हरतात आणि आपल्याला वाटतं की ती ‘नीट’मध्ये हरली. मला आज एवढंच सांगायचंय.

आधी रस्ता थोडक्यात समजून घेऊ.

आपण बसलोय तिथून केईएम चालत जाण्याइतकं जवळ आहे. केईएम आणि सेठ जी. एस. मेडिकल कॉलेज १९२६ मध्ये सुरू झालं. त्या काळात मोठ्या सरकारी हुद्द्यांवर इंग्रज डॉक्टर बसत आणि शिकलेल्या हिंदी डॉक्टरांना शिकवण्याची संधी मिळत नसे. म्हणून देणगीदारांच्या विश्वस्तांनी अट घातली की इथे हिंदी डॉक्टरच शिकवतील. मुंबई सेंट्रलच्या नायरचं टोपीवाला नॅशनल मेडिकल कॉलेज १९२१ चं, असहकाराच्या चळवळीतून निघालेलं. भायखळ्याचं ग्रँट मेडिकल कॉलेज सगळ्यांत जुनं, १८४५ चं, जे. जे. रुग्णालयाला जोडलेलं. भाऊ दाजी लाड तिथल्या पहिल्या तुकडीतले. हे सगळं आपल्या पायाखालचं आहे. लालबाग-परळच्या गिरण्यांमधले कामगार याच दवाखान्यांच्या रांगेत उभे राहिले. रांगेतल्या माणसाच्या घरातलं पोर टेबलाच्या पलीकडे बसावं, एवढीच आपली इच्छा आहे.

मुंबईत सरकारी आणि महापालिकेच्या जागा किती? अलीकडच्या वर्षांत केईएमला २५०, ग्रँटला २५०, सायनला २००, कूपरला २००, नायरला १५०, आणि २०२४ मध्ये जी. टी. आणि कामा रुग्णालयांना जोडून सुरू झालेल्या नव्या कॉलेजात ५०. म्हणजे सगळ्या मिळून अकराशेच्या आसपास. यातल्या १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यात जातात, तिथे देशभरातली मुलं येतात. ८५ टक्के राज्याच्या. पण राज्याच्या म्हणजे मुंबईच्या नव्हेत. पूर्वी ७०-३० अशी विभागवार वाटणी होती, ती २०२० मध्ये रद्द झाली. आता नांदेडची, लातूरची, जळगावची मुलं केईएम मागू शकतात, आणि तुमची मुलगी नांदेड मागू शकते. पसंतीक्रम भरताना हे लक्षात ठेवा. “मुंबईबाहेर पाठवायची नाही” असं ठरवून सहाच कॉलेजं लिहिणारे पालक मी दरवर्षी बघतो. त्यांच्या मुलीपेक्षा कमी गुणांची मुलगी दुसऱ्या जिल्ह्यात डॉक्टर होत असते.

परीक्षा ७२० गुणांची. १८० प्रश्न, त्यातले निम्मे म्हणजे ९० जीवशास्त्राचे. बरोबर उत्तराला ४ गुण, चुकलं तर १ गुण वजा. ती साधारण मे महिन्यात होते. हिजाब किंवा बुरखा घालून परीक्षेला बसता येतं, फक्त तपासणीसाठी केंद्रावर लवकर पोहोचायचं असतं. ती वेळ प्रवेशपत्रात बघा आणि त्याच्याही अर्धा तास आधी जा. निकालानंतर दोन वेगळे अर्ज करावे लागतात. अखिल भारतीय कोट्यासाठी दिल्लीच्या एमसीसीकडे आणि राज्याच्या कोट्यासाठी आपल्या सीईटी सेलकडे. पुष्कळ घरांत एकच भरला जातो, कारण दुसरा असतो हेच माहीत नसतं.

आणि निकालानंतर जे सुरू होतं, त्यात आमच्या घरचा एक प्रसंग सांगतो.

माझ्या धाकट्या भावाची मुलगी. भाऊ टेम्पो चालवतो. पोरगी अभ्यासाला बसायची ती रात्री अकरानंतर, कारण त्याआधी दहा बाय बाराच्या खोलीत जागाच नसायची. चार वर्षांपूर्वी तिनं ‘नीट’ दिली. गुण असे आले की खुल्या यादीत सरकारी जागा मिळणार नव्हती, ओबीसीच्या यादीत मिळत होती. घरात मिठाई वाटली गेली. मी म्हटलं, आपण पिंजारी. पिंजारी राज्याच्या ओबीसी यादीत आहेत. दाखला काढू.

जून महिन्यात दाखला काढायला निघालो. तिथेच आमची चूक झाली होती, पण ती कळायला पुढे दोन महिने लागले.

खिडकीवरच्या माणसानं कागद बघितले. मुलीच्या शाळेच्या दाखल्यावर जातीच्या रकान्यात ‘मुसलमान’. तिच्या वडिलांच्या दाखल्यावर ‘मुसलमान’. तो म्हणाला, “काका, मुसलमान हा धर्म झाला. जात कुठाय?” मला राग आला. पण तो बरोबर बोलत होता. आणि मुलीच्या दाखल्यावर ‘मुसलमान’ लिहिणारा हात माझाच होता. तिला पहिलीत मीच माझ्या शाळेत घातलं होतं, प्रवेश अर्ज माझ्याच अक्षरातला होता.

मित्रहो, एकतीस वर्षांत मी किती मुलांचे प्रवेश अर्ज भरले असतील? हजाराच्या वर असतील. बागवान, तांबोळी, अत्तार, खाटीक, मोमीन, नदाफ, सगळ्यांच्या जातीच्या रकान्यात मी ‘मुसलमान’ लिहिलं. पालकांनी तेच सांगितलं, आणि मला वाटलं की हेच बरोबर आहे, हेच पुरोगामी आहे. आपल्या धर्मात जात नाही, मग लिहायची कशाला? आज ती मुलं तिशी-चाळिशीत आहेत, त्यांची मुलं अकरावी-बारावीत आहेत, आणि दाखल्याच्या खिडकीवर माझं अक्षर त्यांना आडवं येतंय.

इस्लाममध्ये जात नाही, हे मलाही मान्य आहे. पण लग्न जमवताना बिरादरी कोण विचारतं? आपणच. कसायाच्या घरातली मुलगी करायची नाही असं कोण म्हणतं? आपणच. लग्नाच्या बैठकीत जी जात असते, ती सरकारी फॉर्मवर का नसते? कारण तिथे ‘शेख’ लिहिलं की बरं वाटतं. गिरणगावात आल्यावर आमच्या वडिलांनी पिंजारी सोडून शेख लावलं. त्यांना दोष देत नाही. गावात ‘ए पिंजाऱ्या’ म्हणून हाक मारलेली त्यांनी ऐकली होती, ती मुलांनी ऐकू नये असं त्यांना वाटलं. पण आरक्षण त्याच हाकेची भरपाई आहे. ते घेताना लाज वाटायचं कारण नाही.

पुढचं ऐका. पिंजारी असल्याचा पुरावा आणायचा कुठून? ओबीसींसाठी महाराष्ट्रात तारीख ठरलेली आहे, १३ ऑक्टोबर १९६७. त्या तारखेआधी तुमचं घराणं महाराष्ट्रात राहत होतं, असा कागद लागतो, आणि तो वडिलांच्या बाजूचा लागतो. भाऊ आणि मी, आमचे दोघांचे दाखले ‘मुसलमान’. मग उरले वडील. ते साताऱ्याकडच्या एका खेड्यातले. मी एसटीनं गेलो. गावच्या प्राथमिक शाळेत मुख्याध्यापिका बाईंनी कपाट उघडून दिलं. जुनी जनरल रजिस्टरं, कडा कुरतडलेल्या. दुपारी तीनच्या सुमाराला १९३८ च्या पानावर वडिलांचं नाव सापडलं. नावापुढे स्वच्छ लिहिलं होतं, ‘पिंजारी’. त्या काळच्या गुरुजींनी जे काम नीट केलं होतं, ते मी केलं नव्हतं.

उतारा घेऊन आलो. जातीचा दाखला मिळाला. पण मेडिकलला नुसता दाखला चालत नाही, वैधता लागते. जात प्रमाणपत्र पडताळणी समितीकडे अर्ज करायचा, वंशावळ प्रतिज्ञापत्रावर द्यायची. सगळ्यांच्या शाळेच्या दाखल्यांवर ‘मुसलमान’ असल्यामुळे आमचं प्रकरण दक्षता पथकाकडे गेलं. पथक घरी आलं. मी म्हणालो होतो ना, मुलाखत नसते म्हणून? ही मुलाखत झाली, आणि ती दिली आमच्या अम्मीनं. वय त्र्याऐंशी.

साहेबांनी विचारलं, “आजी, तुमची जात कोणती?” अम्मी म्हणाली, “आम्ही शेख. आमच्यात जातपात नसते साहेब.” भाऊ माझ्याकडे बघतोय, मी जमिनीकडे. अम्मी खोटं बोलत नव्हती. पन्नास वर्षं तिला हेच सांगायला शिकवलं होतं. तेवढ्यात पोरगी उठली, स्टुलावर चढली आणि माळ्यावरून फडक्यात गुंडाळलेली पिंजण काढून तिनं दादीच्या पुढे ठेवली. “दादी, हे काय आहे?” अम्मीनं थोडा वेळ त्यावरून हात फिरवला. मग सांगू लागली. ही पिंजण. ही तात, आतड्याची असते, पावसाळ्यात सैल पडते. दांडक्यानं तातीवर असं मारत जायचं, कापूस उडाला पाहिजे, तुटला नाही पाहिजे. लालबागच्या चाळीचाळींतून तुझे दादा गाद्या पिंजायला जायचे, संध्याकाळी घरी आले की भुवयांवर कापूस. मग तिनं नातेवाईक सांगितले, कुठल्या गावचे, कोणाकडे कोण दिली. सगळी घरं पिंजाऱ्यांची. साहेब लिहून घेत होते.

वैधता मिळाली. पण ती हातात आली तेव्हा प्रवेशाच्या सगळ्या फेऱ्या संपल्या होत्या.

पोरगीनं एक वर्ष पुन्हा अभ्यास केला. पुन्हा परीक्षा दिली. आज ती एका जिल्ह्याच्या सरकारी कॉलेजात तिसऱ्या वर्षाला आहे. शेवट चांगला झाला म्हणून मी हे सांगत नाही. दुसऱ्या वर्षी पेपर अवघड गेला असता तर? तिच्या वडिलांना क्लासची दुसरी फी उभी करता आली नसती तर? ते वर्ष तिनं गुण कमी पडले म्हणून गमावलं नाही. तिच्या चाचानं रकान्यात एक शब्द चुकीचा लिहिला आणि दाखला काढायला जूनपर्यंत थांबला, म्हणून गमावलं.

म्हणून आता वही काढा आणि लिहून घ्या.

पहिली गोष्ट. जातीचा दाखला आठवी-नववीतच काढून ठेवा. त्यासाठी ‘नीट’ची वाट बघू नका. मुंबई शहरासाठी तो जिल्हाधिकारी कार्यालयातून मिळतो, अर्ज ‘आपले सरकार’वर करता येतो. आधी आपली बिरादरी राज्याच्या ओबीसी यादीत आहे का आणि कोणत्या नावानं आहे, ते बघा. एकाच समाजाची दोन-तीन नावं असतात. पिंजारी, नदाफ, मन्सूरी. मोमीन, जुलाहा, अन्सारी. तुमच्या जुन्या कागदावर कोणतं आहे ते महत्त्वाचं.

दुसरी. मूल विज्ञान शाखेत अकरावीला गेलं की कॉलेजमार्फत वैधतेचा अर्ज करा. बारावीच्या निकालापर्यंत थांबू नका. काही वर्षी सरकारनं वैधतेसाठी मुदत वाढवून दिली आहे, पण त्या आशेवर घर चालवू नका. पुराव्यासाठी आजोबांचा, पणजोबांचा शाळेचा उतारा शोधा. शाळेत गेलेच नसतील तर गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदी, कोतवाल बुकाची नक्कल, जमिनीचे कागद. तहसील कार्यालयात अर्ज केला की नकला मिळतात. आणि घराण्यात वडिलांच्या बाजूनं कुणाला आधीच वैधता मिळालेली असेल, तर तो सगळ्यांत मोठा पुरावा. आमच्या पोरगीची वैधता लावून तिच्या धाकट्या भावाचं काम काही आठवड्यांत झालं. म्हणजे एका मुलीनं त्रास काढला तो सगळ्या खानदानासाठी काढला. तेव्हा काका-पुतण्यांची भांडणं असतील तर ती बाजूला ठेवा आणि एकमेकांना झेरॉक्स द्या.

तिसरी, नॉन-क्रीमीलेअर. उत्पन्नाची मर्यादा ८ लाख आहे. पगार आणि शेतीचं उत्पन्न मोजण्याचे नियम वेगळे आहेत, त्यामुळे “आमचा पगार जास्त आहे, आम्हाला मिळणार नाही” असं स्वतःच ठरवू नका, विचारा. त्या दाखल्यावर मुदत असते. मुदत संपलेला दाखला म्हणजे दाखला नाही. आणि अखिल भारतीय कोट्यासाठी ओबीसीचा केंद्राच्या नमुन्यातला वेगळा दाखला लागतो. तिथे २०२१ पासून ओबीसींना २७ टक्के जागा आहेत. राज्याचा दाखला तिथे चालत नाही.

चौथी. मदनपुऱ्यातले, भायखळ्यातले पुष्कळ भाऊ विचारतात, “आम्ही यूपीचे, १९६७ नंतर आलो, आमचं काय?” राज्याच्या ओबीसी कोट्याचा लाभ त्यांना मिळत नाही, हे कडू आहे पण खरं आहे. मात्र मूळ राज्यातल्या नोंदींवरून केंद्राचा ओबीसी दाखला मिळू शकतो, आणि तो अखिल भारतीय कोट्यात चालतो. त्यासाठी वडिलांचे गावाकडचे कागद आणावे लागतात. यंदा ईदला गावी जाल, तेव्हा ते काम करून या.

पाचवी. जे ओबीसी यादीत नाहीत, सय्यद, पठाण वगैरे, आणि ज्यांच्या घरचं वर्षाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत आहे, त्यांच्यासाठी ईडब्ल्यूएस म्हणजे आर्थिक दुर्बल घटकांच्या १० टक्के जागा आहेत. अट फक्त उत्पन्नाची नसते, मालमत्तेचीही असते. पण ही सवलत धर्म बघत नाही. “ती आपल्यासाठी नाही” असं समजून किती घरं बसून राहतात! आणि काही लोक अजून विचारतात ते पाच टक्के मुस्लिम आरक्षण आज नाही. २०१४ च्या जुलैत अध्यादेश निघाला होता. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये उच्च न्यायालयानं शिक्षणातला तो भाग तात्पुरता चालू ठेवला, पण पुढे त्याचा कायदा झाला नाही आणि अध्यादेश संपला. त्यासाठी लढायचं असेल तर जरूर लढू. पण जे आज मिळतंय ते न घेता बसणं म्हणजे लढाई नव्हे.

सहावी, नाव. आपल्या घरांत हा मोठा घोळ आहे. दहावीच्या मार्कशीटवर ‘शेख’ आधी, आधारवर नंतर. एका कागदावर पूर्ण ‘मोहम्मद’, दुसऱ्यावर त्याची दोन-तीन अक्षरं. आईचं नाव इथे माहेरचं, तिथे सासरचं. मूल शाळेत असेपर्यंत दुरुस्ती मुख्याध्यापकांकडून होते. शाळा सुटल्यावर ती फार अवघड जाते, मग राजपत्रात नाव छापून आणण्यापर्यंत जावं लागतं. आज रात्री घरी गेल्यावर मुलाचे सगळे कागद पलंगावर पसरा आणि एकेक अक्षर जुळवून बघा. दहावीचा फॉर्म भरण्याआधीच.

सातवी, अधिवासाचा दाखला. वय, राष्ट्रीयत्व आणि अधिवास, असं त्याचं नाव. राज्याच्या कोट्यासाठी तो लागतो, आणि दहावी-बारावी महाराष्ट्रातूनच झालेली लागते. बारावी दुसऱ्या राज्यात करायला पाठवणाऱ्यांनी आधी याचा विचार करावा. कॉलेजात प्रवेश घेताना मूळ कागद तिथे जमा होतात, तेव्हा झेरॉक्सचे निदान पाच संच आधी करून ठेवा.

आता शेवटची मुलाखत, ट्रस्टवाल्यांची. ही खरी मुलाखत असते, समोरासमोर. सरकारी कॉलेजात जागा मिळाली तरी वसतिगृह, पुस्तकं, खानावळ आहेच. मुलींसाठी २०२४ पासून राज्यानं व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिकवणी आणि परीक्षा फी माफ केली आहे, ८ लाखांच्या आतल्या ओबीसी आणि ईडब्ल्यूएस घरांसाठी. जागा केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून मिळालेली पाहिजे, व्यवस्थापन कोट्यातली नाही. महाडीबीटीवर शिष्यवृत्त्यांचे अर्ज असतात. मौलाना आझाद महामंडळाचं शैक्षणिक कर्ज आहे. आणि मग आपल्या समाजातले ट्रस्ट आहेत, ते बोलावून प्रश्न विचारतात.

आमच्या पोरगीला अशाच एका ठिकाणी पहिलाच प्रश्न आला, “लग्न झाल्यावर प्रॅक्टिस करणार का?” तिनं तोंड उघडायच्या आत तिचे वडील बोलले, “जी, आमची काही हरकत नाही.” बाहेर आल्यावर ती रडली. म्हणाली, “अब्बा, डॉक्टर मी होणार आहे, हरकत तुमची कशी?” पुढच्या ठिकाणी अब्बा दाराबाहेर बसले. तिथेही तोच प्रश्न आला. ती म्हणाली, “सर, सरकार माझ्या शिक्षणावर खर्च करतंय, शिकून झाल्यावर एक वर्ष मला सक्तीची सेवाही करायची आहे. न करण्याचा प्रश्नच नाही.” मदत तिथून मिळाली.

तेव्हा मुलांनो, या मुलाखतीसाठी तीन गोष्टी. एक, वर्षाचा खर्च कागदावर मांडून न्या. किती मिळालाय, किती कमी पडतोय. “जे द्याल ते” असं म्हणू नका. दोन, घरची गरिबी रडून सांगू नका, कागद सांगतील. तुम्ही काय शिकताय ते सांगा. तीन, उत्तर तुम्ही द्या. पालकांनो, तुम्ही बाहेर बसा.

ज्यांना एमबीबीएस मिळालं नाही त्यांच्यासाठी एक शब्द. डेंटल, आयुर्वेद, होमिओपॅथी, युनानी, हे सगळे प्रवेशही ‘नीट’वरच आहेत. वर्सोव्याला अंजुमन-ए-इस्लामचं युनानी कॉलेज आहे. परदेशात पाठवायचं असेल तर ‘नीट’ पात्र व्हावं लागतं, आणि परत आल्यावर इथली परीक्षा पास झाल्याशिवाय प्रॅक्टिस करता येत नाही. एजंट हे दुसरं वाक्य हळू आवाजात सांगतो.

आणि शिक्षक कुणी बसले असतील, तर त्यांना माझी विनंती. पहिलीचा प्रवेश भरताना जातीच्या रकान्याशी थांबा. पालक ‘मुसलमान’ म्हणाले तर विचारा, “बाबा, तुमच्या आजोबांचा धंदा काय होता?” त्यांना राग येईल. येऊ द्या. समजावून सांगा, आणि मग लिहा. ती नोंद करायला दोन मिनिटं लागतात. ती न केल्यामुळे माझ्या पुतणीचं एक वर्ष गेलं.

मी दर बुधवारी आणि शनिवारी संध्याकाळी सात ते नऊ अभ्यासिकेत असतो. पैसे लागत नाहीत. येताना आजोबांच्या गावाचं नाव आणि तालुका लिहून आणा. तिथूनच सुरुवात करू.